गुणाजीला कड्यावरून उतरवलं

"लागली पैज!" गुणाजीने हात पुढे केला. "तिसऱ्या माळ्यावरून गेटपर्यंत न्या मला. तोंडातून हूं नाय की चूं नाय."

बँकेतला गंगाधर कर्जतच्या जंगलात प्रथमोपचार शिकून आला होता, आणि लालबागच्या त्या चाळीत कोणाला साधी उचकी लागली तरी त्याला आडवं निजवत होता. त्याचं म्हणणं, कड्यावरून पडून पाय मोडलेला माणूस हलवला की ओरडतोच. गुणाजी म्हणाला, गिरणीत बोट चेपलं तेव्हाही आपण ओरडलो नव्हतो.

ठरलं. गुणाजी बोलला, तर आज रविवारी मासे सोडून भर चौकात बसून खिचडी खाणार. नाही बोलला, तर शाकाहारी गंगाधर नळावर सगळ्या चाळीचे मासे साफ करणार.

गंगाधरने मिटलेली छत्री फळीसारखी लावून पाय बांधला. "हलायचं नाही हां काका. तुम्ही बेशुद्ध आहात." स्ट्रेचर कपडे वाळत घालायच्या दोन बांबूंचं आणि गुणाजीच्याच घरातल्या पांढऱ्या चादरीचं. चौघांनी ते कमरेइतकं उचललं, पण जिन्याच्या वळणावर अडकलं, म्हणून खांद्यावर घेतलं.

बांबू, पांढरी चादर, चार खांदे. पुढे कोणाला काही सांगावंच लागलं नाही.

चाळीतलं प्रत्येक मयत निस्तरणाऱ्या कोंडीरामने खांद्यावर टॉवेल टाकला आणि मडकं आणायला माणूस पिटाळला. खाली वाण्याने अर्धं शटर ओढलं. कोणीतरी हार घातला.

"आत्ता तर चहा पीत होता रे!"

"देवमाणूस. कोणाच्या अध्यात ना मध्यात."

गुणाजी डोळे मिटून ऐकत होता. हयातीत त्याच्याबद्दल एवढं चांगलं कोणी बोललं नव्हतं.

"अहो, प्रॅक्टिस आहे ही!" गंगाधर ओरडला.

"धक्का बसलाय त्याला," कोंडीराम म्हणाला. "पाणी द्या कोणीतरी."

गेट समोर आलं, आणि गेटातूनच बाजाराची पिशवी घेऊन लक्ष्मी शिरली. तिने आधी आपली चादर ओळखली. मग नवऱ्याच्या मिशांकडे पाहिलं. हसू दाबताना थरथरायच्या तशाच थरथरत होत्या.

"गेले?" तिने शांतपणे विचारलं.

"गेला गो, वहिनी," कोंडीराम म्हणाला.

"बरां. मग ही सुरमय तुमच्या घराक न्या. सुतकात आमका मासे चालनत नाय."

"गो, आख्खी सुरमय?" मयत ताडकन उठून बसलं.

मागचे दोघे बांबू टाकून पळाले. गुणाजी आपटला आणि अशी बोंब मारली की पलीकडच्या चाळीतले लोक गॅलरीत आले. अर्थात ती पैजेत धरली नाही. पैज आधीच गेली होती.

दुपारी चौकात पाट मांडला. गंगाधरने स्वतः खिचडी वाढली, वर तूप सोडलं. हार घालणारे, हात जोडणारे, सगळे कठड्याला लोंबकळून बघत होते. पहिला घास तोंडात गेला, तेवढ्यात वरून, त्याच्याच घरातून, सुरमई तळल्याचा वास खाली आला. गुणाजीच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

गंगाधर घाईने वाकला. "काका, कुठे दुखतंय?"

गुणाजीने तिसऱ्या माळ्याकडे बोट केलं.