बंडामामांची उलटी वायर

आप्पा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कास्टिंग घासायचे. त्या खणखणाटावर आमचं घर चाललं, मी शिकले आणि आप्पांचे कान गेले. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांची बोलणी. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. निकाल त्यांना ओरडून सांगावा लागला. गल्लीला वेगळे पेढे वाटून सांगायची गरज उरली नाही. जाड, घुमणारा आवाज तेवढा त्यांच्यापर्यंत अजून पोचायचा. मी ढोलकी वाजवते. आप्पा प्रत्येक कार्यक्रमाला यायचे, लोकांबरोबर टाळ्या पिटायचे आणि घरी आल्यावर विचारायचे, "झालं न्हवं ब्येस?"

आता बंडामामा. गल्लीतले साऊंडवाले. लग्न असो की मयत, यांच्या गळ्यात लाल टेप गुंडाळलेली वायर. "ही उलटी हाय बरं का," हे कुणी न विचारता सांगायचे.

ढोलकीला दोन तोंडं, म्हणून दोन माइक. एकीकडे थाप पडली की तिथलं कातडं आत जातं आणि दुसरीकडचं बाहेर फुगतं. दोन्ही माइक सरळ जोडले तर एकाचा जोर दुसरा खातो. घुमारा मरतो, पत्र्यावर मूग सांडल्यासारखी टिकटिक उरते. एका माइकच्या वायरीतल्या दोन तारा अदलून तो उलटा जोडला की दोघं मिळून ओढतात. मोठ्या मिक्सरला त्यासाठी बटण असतं. मामांच्या मिक्सरला नव्हतं, म्हणून ही वायर.

हाच नियम ते संसारालाही लावायचे. नवरा-बायको भांडताना दिसले की म्हणायचे, "दोघंबी खरंच बोलत्यात. एकाची वायर उलटी करा!" कुणाची, ते सांगत नसत. म्हणून अजून मार बसला नव्हता.

गेल्या वर्षी मंडळाच्या ऑर्केस्ट्रात मी पहिल्यांदाच मुख्य ढोलकीवर होते; त्याआधी मागं बसायचे, माझ्या ढोलकीला माइकच नसायचा. त्या आठवड्यात मामांचा गळा मोकळा होता. वायरीचं टोक सुटलं म्हणून कामाच्या गडबडीत ती शाहूपुरीत दुरुस्तीला टाकलेली. कार्यक्रमाला येतायेता ती घेऊन आले, जोडली आणि आप्पांना पाचव्या रांगेत बसवून खुणेनं सांगितलं, ऐकू आलं की हात वर.

आवाज तपासायला बहिरा माणूस! हॉलभर हसू पिकलं.

मी थाप दिली. आप्पांचा हात मांडीवरच. पुन्हा दिली. मांडीवरच. शिट्ट्या सुरू झाल्या.

"मामा, चालू करा की!" अध्यक्ष स्टेजवर चढले. "पावणं उठाय लागल्यात."

"उठूंद्यात. माजा मीटर अजून हालला न्हाय."

"कसला मीटर? त्यो भैरा हाय!"

"म्हणूनच न्हवं! तुमाला काय, टिनपाट वाजलं तरी ग्वाड लागतंय."

मामांनी आवाज वाढवला. स्पीकर किंचाळला, लोकांनी कान झाकले. आप्पा शांत. मामांनी वायरीचं टोक उघडून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"मर्दा! त्या शाहूपुरीच्या शहाण्यानं चूक समजून सरळ करून दिली की!"

त्यांनी स्टेजवरच मांडी ठोकली, सोल्डरिंग गन तापवली. अध्यक्ष डोक्यावर उभे. "पाच मिंटात चालू न्हाय झालं तर दुसरा साऊंडवाला बोलावतो, मामा!" मी वायर धरून बसले. मान वर न करता मामा हळू बोलले, "तुजा बा आन मी एकाच दिवशी फाउंड्रीत लागलो. म्हैन्याभरात मी पळालो. त्योच म्हनला, जा तू, तुजा कान चांगला हाय. सोता मातूर ऱ्हायला."

त्यांनी जोडावर फुंकर मारली, वायर लावली. "हाण."

मी थाप दिली. धुम्म! आवाज जमिनीतून वर आल्यासारखा. मी फक्त पाचवी रांग बघत होते. आप्पा दचकले, स्पीकरकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. आणि त्यांचा हात वर गेला.

पहिलं गाणं संपलं तरी तो खाली आला नव्हता. मामा मिक्सरकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे होते.

घरी आल्यावर आप्पांनी काही विचारलं नाही. त्यांनी माझी ढोलकी ऐकली होती.