मोठ्या घाण्याची स्वारी

॥ श्री ॥

स्वस्ति श्री शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे भाद्रपदमासी, मौजे जोहे, परगणे पेण, येथील सूनबाई अखंडलक्ष्मीअलंकृत समीक्षाबाईसाहेब यांनी तळणाचे थोर यंत्र हस्तगत केले, त्याची हकीकत येणेप्रमाणे. ऐकणाराने ऐकता ऐकता आपली कढईवरील नजर काढू नये. वडा करपल्यास बखरकार जिम्मेदार नाही.

जोहे हा मूर्तिकारांचा मुलूख. अवघ्या दुनियेस गणपती पुरविता पुरविता कारखानदारांस चतुर्थीचे दिवशी आपले घरी देव बसवावयास फुरसत कैची? म्हणोन पंधरा रोजांनी, साखरचौथीस, त्यांचा गणपती बसे. त्या दिवशी समीक्षाबाईंचे यजमान हर्षदराव यांचे कारखान्यात देव विराजमान होत, आणि सोयरे, कारागीर, गावकी मिळोन शंभर पान उठे, आणि त्यास तांदळाचे वडे चारशे लागत. आणि ते तळण्याचे वतन सूनबाईंकडे.

कढईत एका घाण्यास वडे पाच, म्हणजे घाणे ऐंशी. गतवर्षी आरती सुरू जाहली तेव्हा बाईसाहेब मागील पडवीत एकेचाळिसाव्या घाण्यावर होत्या. आणि नेमके त्याच समयी कन्यारत्न किमयाराजे, वय महिने नऊ, यांनी देवापुढे उभय हात एकत्र आणोन जन्मातील पहिली टाळी दिली. ती अवघ्या गावाने पाहिली. आईने भिंतीआडून नुसता गलका ऐकला, आणि झारा घेऊन धावत आली, तो हात पुनश्च तोंडात गेले होते. तो सल वर्षभर काळजात राहिला. मग यंदा बाईसाहेबांनी प्रतिज्ञा केली जे, आरतीस लेक मांडीवर घेऊन बसेन. त्यास घाणा मोठा पाहिजे.

किमयाराजे दुपारी निजत, तितकीच मुभा. तेवढ्यात पेण बाजारावर तीन स्वाऱ्या केल्या. तेथे दुकानोदुकानी एकच यंत्र पुढे आले, जे तेलावाचून वाऱ्यावर तळते. हे वर्तमान सासूबाई गिरजाबाईसाहेब यांचे कानी जाता त्या कडाडल्या, "वाऱ्यावर सोडतात गो! वाऱ्यावर तळतात कुठं?" म्हणोन तो बेत रद्द जाहला.

मग रोहेप्रांती अष्टमी येथील भांडी-यंत्रांचे सावकार हैबतराव यांस फोन गेला. बाईसाहेबांनी पुसले, "घरात वापरायचं, पण मोठा घाणा निघंल असं मशीन हाय का?" हैबतराव वदले, "हाय ना ताई! कालच आलंय. या तुम्ही."

मग काय! किमयाराजांस कडेवर घेऊन बाईसाहेब पेणेस गाडीत बसल्या, आणि कासू मागे पडले, आणि राजांनी बिस्किटांची रसद फस्त केली, आणि रोहे गाठले. हैबतरावांनी मोठ्या डौलाने यंत्रावरील कापड ओढिले, आणि वरून मूठभर शेंगदाणे टाकिले, आणि कळ दाबिली. खालून तेल गळो लागले.

"बघा! शुद्ध घाण्याचं तेल. घरच्या घरी!"

"अहो दादा, मला तेल काढायचं नाय! तेलात टाकायचंय!"

"मग घाणा कशाला म्हणालात?"

"एका वेळंला कढईत जेवढं पडतं, त्याला काय म्हणतात तुमच्या घरी?"

हैबतराव यंत्रावर पुनश्च कापड ओढू लागले. तो पडद्याआडून त्यांचे कुटुंब इंदुबाई यांची तोफ डागली गेली, "घाणाच म्हणतात! सकाळधरनं तुमच्यासाठी भज्यांचे दोन काढलेत, तेवा नाय कळलं?"

मग इंदुबाईंनी स्वये कुमक केली आणि कोठीचे कुलूप काढिले. आत बारा लिटरचे, जुळ्या टाक्यांचे तळणयंत्र धूळ खात पडिले होते. कोण्या कंपनीचे कॅन्टीनसाठी मागविले, आणि कॅन्टीनच बंद जाहले. किंमत चुकती जाहली आणि तहात एक जास्ती कलम पडले, जे साखरचौथीस इंदुबाईंनी जोहेस यावे आणि पोटभर वडे खावे; हैबतराव आल्यास हरकत नाही. परतीचे वाटेवर यंत्राचा खोका आसनापुढे, आणि त्यावर किमयाराजे आरूढ.

परंतु ऐन चौथीस दगा जाहला. यंत्राची पिन जाड, आणि स्वयंपाकघरातील भोके बारीक. मोठ्या पिनेची जागा अवघ्या घरात एकच: कारखान्यात, रंग मारावयाच्या कॉम्प्रेसरची. तेथे तर देव बसलेले! हर्षदराव डोके खाजवू लागले. तेव्हा गिरजाबाईंचा हुकूम सुटला जे, "देवाचाच निवेद हाय ना? मग देवाच्या डोळ्यांदेखत तळा! रंगाचे डबे तेवढे आधी बाहेर काढा."

मग डबे हलले, यंत्र देवासमोरील कोपऱ्यात मांडिले, तेल तापले. पहिले वडे यंत्राचे जाळीस चिकटोन बसले, सबब जाळी बडतर्फ केली, ती धुवोन निवता किमयाराजांनी उचलोन जिरेटोपासारखी मस्तकी धारण केली, आणि मग झाऱ्याने एका घाण्यास वडे पंधरा, टम्म फुगोन वर येऊ लागले. इंदुबाई प्रत्येक घाण्यास नवऱ्याकडे पाहोन मोठ्याने म्हणत, "हा बघा, घाणा!"

सव्विसावा घाणा निघाला, आणि आरतीची घंटा वाजली. एक घाणा शेष होता. बाईसाहेबांचा पाय उचलेना. तो गिरजाबाईंनी हातातील झारा काढोन घेतला. "जा गो, बस लेकीजवळ. गेल्या वर्षी मीच बोलावायला पायजे होतं तुला."

मग बाईसाहेब पदराला हात पुसोन बसल्या, आणि लेक मांडीवर आली, आणि आरती चढली. किमयाराजे टाळी देईनात. त्यांनी वळोन आईचे तोंड पाहिले, आणि आईचे दोन्ही तेलकट हात आपले चिमुकल्या मुठींत धरिले, आणि एकावर एक आपटोन आईकडूनच टाळी वाजविली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. वडे चारशे तळले, करपले दहा, ते शेवटल्या घाण्याचे. कारण गिरजाबाईसाहेबही टाळी पाहत राहिल्या. कागदास तेलाचा डाग पडिला आहे, तोच शिक्का समजावा.