दादाची जागा

सोनूबुवा गोताड एक वाक्य बोलून थांबायचे. दम लागला म्हणून नव्हे. चार टाळ्या वाजतील एवढा वेळ जायचा, मगच पुढचं वाक्य. कुवेतमधल्या अहमदीत आमच्या प्लँटवर ते पाइप फिटर होते. फोन कट झाला असं वाटून त्यांचा इजिप्शियन फोरमन दर वाक्याला 'हॅलो, हॅलो' करून घसा कोरडा करायचा. बुवांना घाई नसायची.

गाव रत्नागिरीकडचं. गौरी-गणपतीत जाखडी नाचताना बुवा गाणं सांगायचे आणि थोरला भाऊ झील धरायचा, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद उचलायचा. ती सवय जिभेला चिकटली असणार. एका वर्षी बुवा ऐन सणाच्या तोंडावर कुवेतला निघून आले. त्या वर्षी गावचा नाच मोडला, आणि दादा त्यांच्याशी कायमचा बोलेनासा झाला.

त्याला बारा वर्षं झाल्यावर एका शुक्रवारी बुवा माझ्या घरी आले. जुनं गाणं नव्यानं भरून दादाला पाठवायचं होतं आणि माझ्याकडे दोन कॅसेटचा टेप होता. घरघर नको म्हणून त्यांनी भर ऑगस्टात एसी बंद करायला लावला. मी बनियनवर घामाघूम, बुवा बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरून खड्या आवाजात गात होते. दर कडव्यानंतर ते गप्प बसत आणि नुसता डबा वाजे. मी पुण्याचा, त्यात इंजिनिअर. रिकामा डबा कोण ऐकणार, म्हणून दुसऱ्या कॅसेटवर उतरवताना तेवढे तुकडे मी नीट छाटून टाकले.

पुढच्या शुक्रवारी बुवांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"सायब, तुमी दादाची जागा कापलात," ते म्हणाले. थांबले. "आता त्यानं गायचा कुठं?"

मला स्वतःची फार लाज वाटली. मूळ कॅसेट मी तोवर पुसून टाकली होती. त्या दिवशी एसी मीच बंद केला आणि गाणं पुन्हा भरलं.

सुट्टीवर निघालेल्या खेडच्या एका दुकानदाराबरोबर कॅसेट गेली. दिवाळी झाली, थंडी आली. बुवा विषय काढत नव्हते, मीही नाही. फेब्रुवारीत तो दुकानदार परतला आणि गावात भरलेली एक कॅसेट देऊन गेला.

बुवा टेपकडे पाठ करून बसले. आतून त्यांचाच आवाज आला, गावातल्या टेपवर वाजणारा. पहिल्या कडव्यानंतर नुसता डबा वाजला. दुसऱ्यानंतर कुणीतरी खोकलं. तिसऱ्यानंतर एक थकलेला आवाज ध्रुपद धरून वर चढला, मध्येच चिरकला, पण त्यानं झील सोडली नाही.

"गायला, सायब. परत लावा," बुवा म्हणाले.

दोन वाक्यांच्या मध्ये थांबलेच नाहीत.