गोबरगॅसला हळद

अमीरबीच्या छातीचा फोटो उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले, "बाईंना चुलीचा धूर बंद. एक दिवससुद्धा चालणार नाही." आणि दस्तगीरभाईंनी घरी येऊन गोबरगॅस बांधायचं ठरवलं.

खरं तर घरात सिलिंडर होता. पण त्याच्यावर फक्त चहा व्हायचा, कारण गॅसवरची भाकर दस्तगीरभाईंच्या घशाखाली उतरत नसे. त्यांना चुलीतल्या आरावर फुगलेली भाकर लागायची, आणि गेली सत्तावीस वर्षं ती मिळतही होती. आता त्याच सिलिंडरवर तवा ठेवायचा म्हणजे बायकोचा दम आपल्या जिभेपायी गेला हे कबूल करणं आलं. त्यापेक्षा परसात खड्डा खणणं सोपं होतं.

गोबरगॅसच्या सरकारी योजनेतून संपदामॅडम आल्या, त्यांनी जागा दाखवली, गवंडी लावला. जाताना बजावून सांगितलं, "रोज दोन घमेली शेण, तेवढंच पाणी, घरातलं शिळंपाकं, भाजीची देठं. दुसरं काही टाकायचं नाही." दस्तगीरभाईंनी मान डोलावली. (मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा शिरड शहापुरात कोणी नव्हता.)

महिन्याभरानं शेगडीवर निळी ज्योत आली. दस्तगीरभाईंनी सगळ्या गल्लीला चहा पाजला, आणि सगळ्यांच्या देखत सिलिंडर उचलून बहिणीच्या, आलियाच्या, रिक्षात ठेवला. "घेऊन जा औंढ्याला. आमाला आता ह्याची गरज न्हाई."

अमीरबीनं त्यांना आत बोलावलं. "अजी, एक महिना तर ऱ्हाऊ द्या घरात."

"काहून? तुला माझ्यावर भरोसा न्हाई का?"

अमीरबी चहाचे कप विसळायला गेली. कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं हे तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं.

तीन आठवडे झकास गेले. मग उन्हाळा चढला आणि परसात वास सुटला. शेजारचा खेमा भिंतीवरून डोकावला आणि म्हणाला, "भाई, तुमचा गॅस सडला जी."

सडला हा शब्द दस्तगीरभाईंच्या वर्मी लागला. ते हिंगोलीच्या बाजारात मापाडी. वीस वर्षं रोज हळद तोलून तोलून त्यांच्या नखांचा रंग कायमचा पिवळा झाला होता, आणि सडणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे एकच औषध होतं. बोट कापलं, हळद. बैलाचा खांदा सुजला, हळद. अमीरबीला खोकला लागला तेव्हा तीन वर्षं तिला त्यांनी स्वतःच्या हातानं हळदीचं दूध पाजलं. (चुलीशेजारी बसवून, गरम असतानाच.) मॅडमनी दुसरं काही टाकू नका म्हटलं होतं, पण ते फिनेल, साबण, असल्या गोष्टींबद्दल. हळद ही दस्तगीरभाईंच्या हिशेबी दुसरं काही नव्हतीच.

गोदामातल्या झाडणीच्या हळदीची अख्खी गोणी त्यांनी एसटीच्या टपावरून आणली, शेणात कालवली आणि टाकीत सोडली.

"गॅसला हळद लावून राहिले भाई," खेमा म्हणाला, "नवरी कुठली पाहिली?"

चार दिवसांत वास गेला. दस्तगीरभाईंनी खेमाला मुद्दाम बोलावून हुंगायला लावलं. "येतो का काही वास?"

"न्हाई."

"मग?"

त्या संध्याकाळी ज्योत जेमतेम बोटभर उरली. दस्तगीरभाईंनी आणखी अर्धी गोणी टाकली. दोन दिवसांनी शेगडी पेटायचीच बंद झाली. मॅडमना फोन केला, तर त्या बारा दिवसांच्या ट्रेनिंगला नागपूरला गेलेल्या.

आता सिलिंडर परत मागायला हवा होता. औंढा काही लांब नाही, आणि आलिया काही परकी नाही. पण गल्लीभर चहा पाजून दिलेली वस्तू परत मागायची कशी? दस्तगीरभाईंनी ठरवलं, उद्या बघू. संध्याकाळी ते बाजारातून घरी आले तर ताटात भाकर तयार होती. ती कशावर झाली हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर औंढ्याला जावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशीही भाकर तयार होती. तिसऱ्या दिवशी तर इतकी सुरेख होती, पापुद्रा सुटलेली, कडेला थोडी करपलेली, की जेवता जेवता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आज भाकर झाली बघ."

अमीरबी पदर तोंडाला लावून खोकत होती. खोकला थांबल्यावर तिनं आणखी एक वाढली.

नवव्या दिवशी भर दुपारी बाजारात खेमाचा फोन आला. "भाई, तुमी घरी येऊ नका. सीधे हिंगोलीच्या दवाखान्यात जा. आमी वहिनीला घेऊन तिकडंच येऊन राहिलो."

खेमाच्या बायकोला, पद्माबाईला, अमीरबी चुलीपुढं भिंतीला टेकून बसलेली सापडली होती. ओठ निळे पडलेले आणि तव्यावरची भाकर कोळसा झालेली. दस्तगीरभाई पोचले तेव्हा तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि छाती वरखाली होत होती. नर्सनं विचारलं, "घरी चूल आहे का?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की बाकावर बसायलाही नको वाटलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. दस्तगीरभाई तसेच औंढ्याला गेले आणि खालमानेनं सिलिंडर मागितला. आलियानं तो दाराआडून काढून दिला. तो जसा गेला होता तसाच होता.

"वापरला न्हाई तू?"

"भाभी म्हणली होती ना. ठेव तसाच, पंधरा दिवसांत तुझा भाऊ येईल. म्या रोज वाट पाहून राहिले, भाईजान. तुमी आलाच न्हाई."

म्हणजे अमीरबीला सगळं माहीत होतं. एका फोनवर सिलिंडर घरी आला असता. तिनं फोन केला नाही, कारण मग गल्लीत नवऱ्याचं हसं झालं असतं. परतीच्या एसटीत सिलिंडर मांडीशी धरून दस्तगीरभाई रडले, आणि कंडक्टरनं सिलिंडरला मनाई असतानाही त्यांना काही म्हटलं नाही.

संपदामॅडम आल्या. झाकण उघडलं तर आत पिवळंधम्मक.

"भाई, ह्यात काय टाकलंत?"

"काही न्हाई. हळद."

"हळदीनं काय होतं?"

"जंतू मरतात," दस्तगीरभाई सवयीनं म्हणाले.

"अहो, गॅस जंतूच तयार करतात. सडतं म्हणूनच गॅस येतो. तुम्ही त्याला बरं करून टाकलंत."

ती टाकी दस्तगीरभाईंनी एकट्यानं उपसली, तीन दिवस, कोणालाही हात लावू न देता. मग ताजं शेण भरलं आणि मॅडमनी दुसऱ्या गावच्या गोबरगॅसमधून आणलेला शेणकाला विरजणासारखा त्यात सोडला. आठवड्यानं ते दवाखान्यात आले ते पळतच.

"अमीर, वास येऊन राहिला. लई घाण वास." त्यांचे डोळे भरून आले होते.

अमीरबीनं वाफेचा मास्क बाजूला केला. "बुडबुडे?"

"ते बी." ते खाटेच्या कडेला बसले. "मला ठाऊक होतं, तू चुलीवर करून राहिलीस. ठाऊक असून खाल्ली म्या भाकर. वरून तारीफ केली."

"ऐकली म्या. सत्तावीस सालांत पहिली तारीफ." तिनं दम घेतला. "त्या दिशी चार खाल्ल्या तुमी."

एवढ्यात डॉक्टर सुटीचा कागद लिहायला आले. औषधाचा तोंडानं ओढायचा पंप रोज दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, असं त्यांनी लिहिलं. मग अमीरबीला विचारलं, "धूर तर आता बंद. घरात दम लागण्यासारखं आणखी काही आहे का?"

अमीरबीनं दस्तगीरभाईंकडे बराच वेळ पाहिलं.

डॉक्टरांनीही पाहिलं. मग दोनदा खोडून तीनदा केलं.