टेकचंदभाऊंचा गुलाब

टेकचंद पटले यांनी आपल्या कॉम्प्युटरचा माऊस लोखंडी कपाटात कुलूपबंद करून ठेवला आहे. किल्ली करदोड्याला असते. कोणी कारण विचारलं तर सांगतात, "माऊस हातात आला का हात फुलाकडं जाते, गुरुजी. सवय वाईट."

फुलाकडे म्हणजे काय, हे आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. एके काळी आमच्या भागात लग्न निघालं की शूटिंग टेकचंदभाऊंचं आणि मिक्सिंगही त्यांचंच. मिक्सिंग म्हणजे व्हिडिओ कॅसेटवर मागाहून चढवलेले दागिने. बदामाच्या आकारात फिरणारे नवरा-नवरी, डोक्यावरून उडणारी कबुतरं, आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे गुलाब. तो पडद्याच्या मधोमध कळी होऊन यायचा, गोल गोल फिरत उमलायचा आणि समोरचा चेहरा अख्खा झाकून टाकायचा.

भाऊंचं तत्त्व एकच होतं. "मोक्याच्या जागी इफेक्ट द्याच लागते." त्यामुळे नवरी जिथे पहिल्यांदा वर बघते, बाप जिथे रडायला लागतो, आजी जिथे बोळकं उघडून हसते, नेमका तिथे गुलाब. कंटाळवाण्या जागा मात्र त्यांनी जशाच्या तशा सोडल्या. पंगतीत पाणी वाढणारा माणूस आमच्याकडच्या प्रत्येक कॅसेटमध्ये लख्ख दिसतो. माझ्या स्वतःच्या लग्नात सासरे आशीर्वाद देत असताना त्यांच्या नाकावरून एक राजहंस पोहत जातो. मी आजवर तक्रार केलेली नाही. सासरे मला राजहंसासकट जास्त बरे वाटतात.

स्वतः भाऊ बिनलग्नाचे. इतक्या लोकांची लग्नं लावण्यात राहून गेलं, असं ते म्हणतात आणि विषय बदलतात.

मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवतो आणि त्यांच्या शेजारी राहतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि गेल्या हिवाळ्यातल्या माझ्या सगळ्या संध्याकाळी त्यांच्या खोलीत गेल्या. झालं असं, की चोरखमारा तलावाकडच्या एका गावातून दीपाली नावाची मुलगी त्यांच्याकडे आली. ती रांगत होती तेव्हाच तिची आई तापाने गेलेली. घरात आईचा एकच फोटो, तोही मान खाली घातलेला. आणि आईबापाच्या लग्नाची कॅसेट, भाऊंच्या मिक्सिंगची. कॅसेटभर आई पदराआड आहे. फक्त हार घालताना कोणीतरी थट्टा करतं, बायका हसतात, आई मान वर करायला लागते, आणि तिथेच गुलाब उमलतो.

"काकाजी, माहं लग्न हाये उन्हाळ्यात," ती म्हणाली. "त्याच्या आंधी मले मायले हासताना पाहाचं हाये. तेवढा गुलाब काढून द्या."

मूळ, बिनमिक्सिंगची कॅसेट राहिलेली नव्हती. त्या काळी मिक्सिंग झालं की तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची रीत होती, आणि दीपालीच्या आईवर केव्हाच दुसऱ्या कोणाची वरात चढली होती. हे भाऊंना चांगलं ठाऊक होतं. तरी ते म्हणाले, "काढून देतो, बेटा."

गोंदियाच्या एका ओळखीच्याने कॅसेट त्यांच्या कॉम्प्युटरवर उतरवली आणि एक फुकटातलं साधन टाकून दिलं. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या खिडकीत एका ओळीचा हुकूम टाइप करायचा, त्यात एकामागून एक फिल्टर लिहायचे, आणि व्हिडिओ त्या क्रमाने त्यांतून गाळून निघतो. भाऊ त्या खिडकीला पाटी म्हणतात. माऊस कपाटात गेला तो तेव्हाच. पाटीची तक्रार मात्र इंग्रजीत येते, म्हणून भिंतीपलीकडून मला हाक यायची.

"गुरुजी, वाचा जरा. काय म्हणून राहिली पाटी?"

"असा फिल्टर नाही, म्हणते."

"कोनता?"

मी निरखून पाहिलं. नावाच्या जागी नुसती अवतरणचिन्हं होती, आत काही नाही. "नाव नाही सांगत."

"वा. नाही म्हणते, आन काय नाही ते सांगत नाही. माह्या भाटव्यासारखी हाये." भाटवा म्हणजे त्यांच्या बहिणीचा नवरा.

पुष्कळ वेळाने मला दिसलं. ओळीच्या शेवटी एक स्वल्पविराम जास्तीचा पडला होता, आणि तो पाहून पाटी पुढच्या फिल्टरची वाट बघत बसली होती. मुलांचे स्वल्पविराम सुधारण्यात माझी उमर गेली, पण सुधारल्याबद्दल कोणी चहा पाजला असं पहिल्यांदाच घडलं.

मग नवीन भांडण निघालं. गुलाब पुसायला भाऊंनी निवडलेला फिल्टर मुळात टीव्हीच्या कोपऱ्यातली चॅनलची खूण पुसण्यासाठी असतो. पुसायचा चौकोन कुठे आणि केवढा, याचे आकडे त्याला द्यावे लागतात. पाटी म्हणे, तुमचा चौकोन चित्राच्या बाहेर जातो. भाऊंनी शाळेची पट्टी आणून पडदा मोजला आणि पाटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चौकोन चेहऱ्यावर हाये. बाहेर काऊन म्हणते?"

कारण सापडलं तेव्हा दोघेही खजील झालो. चित्र लहान करायचा फिल्टर त्यांनी आधी लावला होता आणि चौकोन मोठ्या चित्राच्या मापाचा दिला होता. "म्हणजे आंगडं लहान केलं आन खिसा जुन्याच जागी शिवला," भाऊ म्हणाले. क्रम बदलला. आधी जुन्या कॅसेटच्या आडव्या रेषा काढायच्या, मग गुलाब, मग लहान-मोठं काय करायचं ते.

ते दिवस भाऊंचे मजेत गेले. पाटी नवी चूक काढायची आणि आम्ही ती सुधारायचो. चूक आहे तोवर ती निघाली की चेहरा दिसेल, असं ते धरून चालले होते, आणि त्यांच्या नादाने मीही.

मग एका संध्याकाळी पाटीने काहीच तक्रार केली नाही. हुकूम सरळ चालला. गुलाब गेला. त्याच्या जागी एक गव्हाळ, धुरकट डाग हलत होता.

"चेहरा कुठं हाये?" भाऊंनी विचारलं.

मी मिळेल ते वाचून काढलं आणि त्यांना सांगितलं, की हा फिल्टर झाकलेलं उघडत नाही. आजूबाजूचा रंग घेऊन मधलं भोक बुजवतो. गुलाबाखाली आता काही नाही.

"मंग कोनती चूक असन?"

"चूक नाही, भाऊ."

तरी ते बराच वेळ त्या ओळी वरपासून खालपर्यंत पाहत राहिले. मला फार वाईट वाटलं. चूक नसण्याचं दुःख मी तोवर कोणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. मी सुचवलं, हल्ली फोटो दिला तर कॉम्प्युटर हसता चेहरा बनवून देतो.

"कोनाचा?" त्यांनी विचारलं.

लग्न जवळ आलं. अशी गोष्ट फोनवर सांगणं बरं नाही, असं म्हणून भाऊ माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. दीपालीच्या अंगणात खाटेवर बसून त्यांनी सगळं सांगितलं, एकही सबब न सांगता. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पन काकाजी, तुमी त पाह्यली असन ना मायले? मिक्सिंग करताना? कशी हासत होती?"

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता काहीतरी गोड सांगतील आणि पोरीचं समाधान होईल. भाऊ जमिनीकडे बघत होते.

"कॅसेट पाह्यली होती, बेटा. तिले नाही पाह्यलं. गुलाब बरोबर मधात येते का नाही, ते पाहून राहिलो होतो मी."

दीपालीने ओढणीने डोळे पुसले. आतून पाण्याचा गडवा आणून त्यांच्यापुढे ठेवला.

"मंग गुलाबासकटच द्या," ती म्हणाली. "त्याच्या मांगं हाये ना ती?"

"हाये."

"द्या मंग."

परत येताना मी तलावाच्या पाळीवर गाडी थांबवली. मला त्यांचा रागच आला होता. म्हटलं, "भाऊ, गालाला खळी पडत होती म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? कोण तपासणार होतं?"

भाऊ खाली उतरले. पाळीखाली उन्हाळी धान हिरवंगार उभं होतं, तिकडे बघत राहिले.

"तेच ना, गुरुजी," ते म्हणाले. "तिनं मानलं असतं. जलमभर."