सासऱ्यांच्या पायातलं पोलाद

पोलाद मला फसवू शकत नाही. दहा वर्षं कळंबोलीच्या लोखंड बाजारात बसतोय. पत्र्यावर टिचकी मारली की त्याची जात सांगतो. माणसांचीही सांगितली असती, पण त्यांना टिचकी मारलेली आवडत नाही.

म्हणून दिवाळे गावचे माझे सासरे, वामनमामा, होडीतून धक्क्यावर उतरताना घसरले आणि नडगी मोडून घेतली, तेव्हा मी घरच्यांना सांगून टाकलं, पायात घालायचा माल मी निवडणार. दोन महिन्यांवर धाकटी मेव्हणी मनस्वीची हळद होती आणि मामांनी हट्ट धरला होता, मांडवात उभाच राहणार.

बेलापूरच्या डॉक्टर नौमाननी ऑपरेशन करून हाडाला बसवायच्या दोन पट्ट्या पुढे ठेवल्या, एक स्टीलची, एक टायटॅनियमची. टायटॅनियम आमच्या बाजारात येत नाही, आणि जे बाजारात येत नाही त्यावर माझा विश्वास नाही. मी स्टीलवर बोट ठेवलं आणि कारखान्याचा दाखला मागितला. डॉक्टरांनी तो दिला, हे त्यांचं चुकलंच. दाखला मिळाल्यावर माझा संशय वाढतो.

ते समजावत होते, की शरीराला बाहेरची वस्तू बरोबर कळते. एखाद्याला स्टीलमधलं निकेल सोसत नाही, त्याला टायटॅनियम बरं. पण हे पोलाद गंजत नाही, त्यामुळे शरीर सहसा भांडत नाही. भोवती पातळ पडदा विणतं आणि हाड जुळवायला लागतं. याला चुंबकही चिकटत नाही, असं ते शेवटी म्हणाले. माझ्या लक्षात तेवढंच राहिलं.

आमच्याकडे चुंबक लावल्याशिवाय स्टेनलेसचा माल उतरवून घेत नाहीत; चिकटलं तर माल परत. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी मी दुकानातलं चुंबक खिशात टाकून दिवाळ्याला गेलो. मामा चादर ओढून पडले होते. मी चादरीवरूनच पायावर चुंबक फिरवलं.

टक्.

चिकटलं. हलवलं तरी निघेना. सासूबाई गोजरामामींनी हातातली सुकट खाली ठेवली. मी गंभीर चेहऱ्यानं निकाल दिला, "लोखंड."

मामांनी कपाळावरचा घाम बोटानं पुसून चाखला. मग म्हणाले, "जावय, घाम खारा लागतं. म्हंजे आंगान खारा पानी हाय. होरीचे खिले दोन वर्षान गंजतान. माजा पाय किती टिकंल?"



त्या दिवसापासून मामांनी मीठ सोडलं. मग पाणी कमी केलं. डॉक्टरांनी कुबड्यांवर थोडं थोडं चालायला सांगितलं होतं, तेही बंद. गंजलेल्या खिळ्यावर भार कोण देतं? मामींनी होडीच्या फळ्यांना चोपडतात ते माशाचं तेल पायाला बँडेजवरूनच चोपडायला घेतलं. आठवड्यात पाय लाल झाला, खाजायला लागला. मामांनी जाहीर केलं, गंज बाहेर यायला लागला. आतली पट्टी काढा, नाहीतर हळद पुढे ढकला. मनस्वी दाराआड रडत होती आणि माझी बायको माझ्याशी बोलत नव्हती.

शेवटी टेम्पोत गादी टाकून आम्ही नऊ जण मामांना घेऊन दवाखान्यात. तेलाच्या वासानं बाकीचे पेशंट आपोआप बरे होऊन बाहेर गेले. मी डॉक्टरांसमोर चुंबक ठेवलं आणि बाजारातल्या आवाजात खुलासा मागितला.

डॉक्टरांनी चादर काढली. क्रेप बँडेजच्या टोकाला त्यांनीच अडकवलेली दातेरी क्लिप होती. चुंबक तिला चिकटलं. क्लिप काढली, बँडेज सोडलं, चुंबक उघड्या नडगीवर ठेवलं. ते घरंगळून माझ्या चपलेवर पडलं.

मग त्यांनी एक्स-रे काढून बघितला. "पट्टीला शरीरानं काहीच हरकत घेतलेली नाही," ते म्हणाले. "हाड छान जुळतंय. हरकत आहे ती तेलाला. मीठ-पाणी चालू करा, आणि चाला."

मामांनी चुंबक उचललं, कनवटीला लावलं आणि परत काही दिलं नाही.

हळदीला मामा काठी टेकत मांडवात आले आणि उभे राहिले. मनस्वी पुन्हा रडली, या वेळी सगळ्यांसमोर. मग आहेर मांडला. मधोमध मी दिलेली हंडा-कळशी, अस्सल स्टेनलेस, स्वतः टिचकी मारून निवडलेली. मामांनी कनवटीचं चुंबक काढलं आणि सहज कळशीला लावलं.

टक्.

सगळी भावकी माझ्याकडे बघायला लागली. मामांनी कळशी फिरवून चहूबाजूंनी नीट तपासली.

"जावय," ते म्हणाले, "हिला तं बँडेज नाय ना?"

मी कळशीवर टिचकी मारली. आवाज मात्र चांगला आला.