पाठमोऱ्या गिरकीचं खरं कारण

शिलाईमावशींनी ज्ञानकोशात पहिली दुरुस्ती केली ती मंगळवारी सकाळी, भाजी फोडणीला टाकून. आणि भाजी शिजायच्या आत ती कुणीतरी पुसूनही टाकली.

सून त्यांना संगणकावर समूहनृत्याच्या इतिहासाचा लेख वाचून दाखवत होती. इंटरनेटवरचा ज्ञानकोश, कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं असा. त्यात, सगळे जिला नुसतं 'बाई' म्हणत त्या नर्तकीच्या नृत्यपथकावर मोठा परिच्छेद होता. त्या पथकाचे कपडे मावशींनी एकतीस वर्षं शिवले होते, म्हणून त्या कान देऊन ऐकत होत्या. 'पहिल्याच प्रयोगात बाईंनी अचानक प्रेक्षकांकडे पाठ फिरवून घेतलेली गिरकी हे काळाकडे पाठ फिरवण्याचे प्रतीक मानले जाते,' हे वाक्य आलं आणि मावशींनी हातातला झारा खाली ठेवला.

"काळ कसला डोंबलाचा! झग्याची शिवण उसवली होती, पुढून. घाईत माझाच दुहेरी टाका घालायचा राहिला होता. लाज राखायला पाठ फिरवली बाईंनी."

"मग तसं लिहा ना आई. इथे 'संपादन' दाबायचं."

मावशींनी एका बोटाने तीन ओळी लिहिल्या. वीस मिनिटांनी पाहतात तो ओळी गायब. 'पहारेकरी' नावाच्या कुणीतरी शेरा ठेवला होता : 'स्रोत नाही. उलटवले.'

"उलटवले म्हणजे?"

"तुमचं काढून आधीचं परत ठेवलं. आणि तुम्हाला हे कुठून कळलं, असं विचारतोय."

"कुठून म्हणजे? सुई माझ्या हातात होती!"

मावशींनी पुन्हा लिहिलं. पुन्हा उडालं. तिसऱ्यांदा लिहिलं, तेव्हा पहारेकऱ्याने त्यांना लेखाच्या चर्चा पानावर बोलावलं. मावशींना वाटलं, हे बरं झालं, समोरासमोर बोलणं होईल. त्यांनी 'स. न. वि. वि.' पासून सुरुवात करून, घरी सर्व कुशल असेल अशी आशा व्यक्त करून, शिवणीची हकिगत सविस्तर लिहिली. लगेच उत्तर आलं : 'नवीन सदस्य, आपले मनःपूर्वक स्वागत आहे!' मावशी विरघळल्या. त्यांनी आभार मानले आणि आपण कुठले, असंही विचारलं.

"आई, ते यंत्राने पाठवलंय. आपोआप जातं."

"मग त्या पहारेकऱ्यापेक्षा यंत्रालाच जास्त रीत आहे."

पहारेकऱ्याचं उत्तर दुपारी आलं. स्वतःची आठवण हा पुरावा होत नाही, छापील पुरावा द्यावा. मावशी चक्रावल्या. उसवलेल्या शिवणीची बातमी कोण छापतं?

इथे काका मध्ये पडले. काका म्हणजे मावशींचे यजमान. त्याच पथकात ते रंगमंचावरचे दिवे सांभाळत. "बायकोच्या बाजूने एक साक्षीदार हवाच," असं म्हणून त्यांनी स्वतःचं खातं उघडलं आणि बाहेरच्या खोलीत बसून लिहिलं. मावशींनी आतल्या खोलीत ते वाचलं आणि तशाच बाहेर आल्या.

"हे काय लिहिलंत? 'शिवणीचा काही संबंध नाही. मी चुकून मागचा मोठा दिवा लावला. उजेड कुठून आला हे पाहायला बाई वळल्या.' आणि हे माझ्या बाजूने?"

"अगं, जे झालं ते लिहिलं. इतकी वर्षं बोललो नाही, तुला वाईट वाटेल म्हणून."

"इतकी वर्षं ती चूक माझी आहे! आता मध्येच तुमची कशी झाली?"

बुधवारचा अख्खा दिवस दोघं चर्चा पानावर भांडले. काका दिव्यांची संख्या देत, मावशी टाक्यांची. एकदा तर मावशींनी 'चहा हवा असेल तर आत या' हेही तिथेच लिहिलं. संध्याकाळी पहारेकऱ्याने निकाल दिला : 'दोन्ही खाती एकाच घरातून चालतात. एकच व्यक्ती दोन नावांनी लिहीत असल्याचा दाट संशय. दोन्ही खात्यांना चार दिवस बंदी.'

"एकच व्यक्ती?" काकांनी चष्मा काढून पुसला. "लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण असं म्हणणारा हा पहिलाच."

"आणि एकटा माणूस स्वतःशी इतका भांडेल का हो?" मावशींना खरंच कळेना.

सासू-सासरे दोन आहेत हे समजवायला सुनेने आपल्या खात्यावरून लिहिलं. तेही खातं बंद झालं. ती बिचारी तिथे तीन वर्षं नुसतं शुद्धलेखन सुधारत होती.

शेवटी सुनेनेच मार्ग काढला. बाई हयात आहेत, त्यांनाच विचारावं; त्यांची मुलाखत पथकाच्या वार्षिक अंकात आली की झाला छापील पुरावा. शुक्रवारी सकाळी मावशी आणि काका लेखाचा कागद घेऊन बाईंकडे गेले. बाई आता चौऱ्याऐंशीच्या. खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"बाई, खरं सांगा, शिवण उसवली होती ना?"

"कुठली शिवण? मला कधी कळलंच नाही."

काकांची छाती फुगली. "म्हणजे मागचा दिवा!"

"दिवा? अरे, चष्म्याशिवाय मला समोरचे प्रेक्षक दिसत नव्हते, तुझा दिवा कुठून दिसणार?" बाई हसल्या. "मला पुढचं पाऊलच आठवेना. मागच्या मुली काय करतायत ते बघायला वळले. वळल्यावर नुसतं उभं कसं राहायचं, म्हणून घेतली गिरकी."

इतक्या वर्षांची हातातली चूक अशी काढून घेतल्यावर हातांचं काय करावं, ते मावशींना सुचेना. त्यांनी कागदाची घडी घातली.

"त्यात काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

मावशींनी वाचलं. काळाकडे पाठ फिरवण्याचं ते वाक्य आलं तसा बाईंनी हात वर केला. "पुन्हा वाच." मावशींनी पुन्हा वाचलं. "जरा सावकाश." तिसऱ्यांदा वाचून होईपर्यंत बाईंचे डोळे मिटले होते आणि मान हळूहळू डोलायला लागली होती.

"असंच काहीतरी वाटत होतं मला त्या क्षणी," बाई म्हणाल्या. "बहुतेक. हो, असंच."

"पण बाई, आत्ता तर म्हणालात, पाऊल विसरलात म्हणून!"

"असं म्हणाले? छे! पाऊल कसं विसरेन मी?"

जिना उतरताना काकांनी विचारलं, "आता काय लिहायचं गं?"

"काही नाही," मावशी म्हणाल्या. "बाईंना आठवायला लागलंय."